नव्या क्लब सदस्यासाठी: पहिल्या बैठकीपासून दुसऱ्या फेरीपर्यंत

दर जुलैत आमच्या रोटरी क्लबात दोन-चार नवे चेहरे येतात. कॉलरला पिन लागते, टाळ्या पडतात, फोटो निघतो. दिवाळीपर्यंत त्यांतले निम्मे दिसेनासे होतात. कुठे बाजारात गाठ पडली आणि विचारलं, तर उत्तर ठरलेलं: ‘येणार होतो हो, पण नेमकं करायचं काय तेच कळेना.’

माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. गोव्यातल्या फोंड्यात माझं हार्डवेअरचं दुकान. गिऱ्हाइकाने नळाचं नुसतं वर्णन केलं तरी कुठला वॉशर लागेल ते मी सांगतो. क्लबात मात्र कुणी म्हणालं, ‘पुढच्या आठवड्यात नसलास तर मेकअप करून घे,’ आणि मी घरी येऊन बायकोला विचारलं की नाटक-बिटक बसवतायत की काय. आपल्या क्लबाची बैठक चुकली तर दुसऱ्या क्लबाच्या बैठकीला बसून हजेरी भरून काढायची, याला मेकअप म्हणतात हे मला दोन महिन्यांनी कळलं. तेव्हा कुणी सांगितलं नाही ते इथे लिहितो. मी रोटरीत आहे म्हणून उदाहरणं तिथली जास्त येतील. लायन्स, जेसीज किंवा इनरव्हीलमध्ये जाणाऱ्यालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी थोडा इतिहास, कारण पुढे तो कामाला येतो

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील तीन ओळखीच्यांना भेटला: एक खाणकामाचा इंजिनिअर, एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी. मोठ्या शहरात ओळखीचं कुणी नाही, तर निरनिराळ्या धंद्यांतल्या माणसांनी एकत्र बसावं, एवढाच हेतू. बैठक आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत, म्हणून नाव रोटरी. सुरुवातीला एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून देणं हाच मोठा कार्यक्रम होता. पुढच्या वर्षी डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलाला सभासद व्हायला सांगितलं, तेव्हा त्याने साफ नकार दिला. जी संस्था फक्त आपल्याच सभासदांचं भलं बघते ती टिकायची नाही, असं त्याचं म्हणणं. ते पटलं आणि क्लब समाजकार्याकडे वळला. रोटरीचं पहिलं मोठं सार्वजनिक काम कुठलं, ठाऊक आहे? शिकागोत सार्वजनिक शौचालयं व्हावीत म्हणून केलेली खटपट! हे मी नव्या माणसाला मुद्दाम सांगतो. काहीतरी भव्य करायचं म्हणून येणाऱ्याचे पाय त्याने जमिनीवर येतात.

लायन्सची गोष्टही शिकागोतूनच सुरू होते. १९१७ साली मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाने ती चळवळ उभी केली. १९२५ साली हेलन केलर लायन्सच्या अधिवेशनात गेल्या आणि अंधांसाठी काम करा असं त्यांनी आवाहन केलं. गावोगावच्या लायन्सची मोतीबिंदू शिबिरं, जुने चष्मे गोळा करण्याच्या पेट्या यांचं मूळ त्या भाषणात आहे. इनरव्हील १९२४ साली मँचेस्टरला सुरू झालं, कारण रोटरीत तेव्हा बायकांना प्रवेश नव्हता. तो मिळायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ सालचा निकाल लागला आणि १९८९ मध्ये नियम बदलला. म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षं. यावर क्लबात कुणी फारसं बोलत नाही, पण नव्या सभासद भगिनींनी हा आकडा लक्षात ठेवावा.

भारतात पहिला रोटरी क्लब कलकत्त्यात झाला, १९२० साली त्याला सनद मिळाली. मुंबईत १९२९ साली. लायन्स मुंबईत १९५६ साली आले. आज पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को अशा प्रत्येक शहरात दोन्हींचे क्लब आहेत. रोटरीच्या नकाशात गोवा, बेळगाव आणि कोल्हापूर एकाच डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे क्लबांच्या एकाच विभागात येतात, क्रमांक ३१७०. म्हणूनच डिस्ट्रिक्टच्या कार्यक्रमात गोव्याच्या माणसाला कधी कोल्हापुरी रस्सा, तर कधी बेळगावचा कुंदा मिळतो. ही सभासदत्वाची बाजू माहितीपुस्तिकेत नसते.

हे सगळं परदेशी वाटत असेल तर आपल्याकडे बघा. पणजीत १९०८ साली मुष्टिफंड संस्था निघाली ती मुलांच्या शिक्षणासाठी, आणि नावातच तिचं अर्थशास्त्र आहे: घरटी मूठभर तांदूळ. वास्कोच्या दामोदर सप्ताहात आजही धंद्याप्रमाणे पार, म्हणजे भजनाच्या मिरवणुका निघतात. व्यापाऱ्यांचा वेगळा, नाभिक समाजाचा वेगळा. प्रत्येक धंद्याने आपला वाटा उचलायचा. रोटरीत ‘क्लासिफिकेशन’ म्हणतात ते याहून फार निराळं नाही. क्लबात प्रत्येक व्यवसायातला माणूस असावा, म्हणजे शाळेचं छप्पर गळतं म्हटल्यावर इंजिनिअर, गवंडी पुरवणारा ठेकेदार आणि पत्रे विकणारा एकाच टेबलावर सापडतो.

क्लब कसा निवडायचा

घराजवळचा किंवा दुकानाजवळचा निवडा. नावाजलेला म्हणून पणजीचा क्लब धराल आणि राहाल सावर्ड्याला, तर जुलैच्या पावसात रात्री साडेनऊला घरी परतताना तुमचा उत्साह वाहून जाईल. पूर्वी बैठक दर आठवड्याला असे. २०१६ पासून महिन्यातून निदान दोन, एवढी मुभा आहे. कुठल्या वारी, किती वाजता, जेवण असतं की चहा-सामोसा, हे विचारून घ्या.

वर्गणी आधी विचारा, लाजू नका. ती एकच रक्कम नसते. आंतरराष्ट्रीय वाटा, डिस्ट्रिक्टचा वाटा, क्लबाचा खर्च आणि बैठकीचं खाणं मिळून ती बनते. त्यावर रोटरी फाउंडेशनला देणगी, कार्यक्रमाची तिकिटं, जाहिरात-पुस्तिका हे वरचेवर येत राहतं. वर्षाचा एकूण आकडा सेक्रेटरी सांगू शकला नाही, तर खजिनदाराला गाठा. वय तिशीच्या आत असेल तर रोटरॅक्ट (रोटरीचा तरुणांचा क्लब) किंवा जेसीज बघा. जेसीज चाळिशीपर्यंत आहे, तिथे भाषण आणि संघटन शिकायला मिळतं आणि खर्चही बेताचा असतो.

सभासद होण्याआधी पाहुणा म्हणून दोन-तीनदा जा. तिथे एकच गोष्ट बघा: गेल्या वर्षी केलेल्या कामाचं आज काय चाललंय, हे कुणी बोलतं का? नुसत्या पुढच्याच कार्यक्रमाची चर्चा असेल, तर घरी येऊन जरा विचार करा.

आणि भाषा. आपल्या क्लबांचा कारभार बहुतेक इंग्रजीत चालतो. इतिवृत्त, बुलेटिन, डिस्ट्रिक्टची पत्रं सगळी इंग्रजी. मराठी माध्यमात शिकलेला माणूस पहिल्या बैठकीला कोपऱ्यात बसतो. बसू नका. मी माझा परिचय मराठी-कोंकणीत करून दिला आणि कुणाचं काही बिघडलं नाही. उलट वाळपईच्या पंचायतीत, केप्याच्या शाळेत किंवा एखाद्या बचतगटापुढे बोलायची वेळ येते तेव्हा क्लब तुमच्याकडेच वळतो.

पहिले तीन महिने

पद मागू नका, काम मागा. मला विचाराल तर नव्या माणसाने सार्जंट-ॲट-आर्म्सच्या हाताखाली काम करावं. खुर्च्या मांडणं, माईक तपासणं, घंटा आणि बॅनर आणणं, पाहुण्यांना दारातून आत घेणं. यातून तीन आठवड्यांत सगळ्या सभासदांची नावं, स्वभाव आणि भांडणं कळतात. मोबाईल चाचपत मागच्या रांगेत बसलात तर वर्षभरातही कळायची नाहीत.

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणजे नेमकं आपल्या धोधो पावसात. पदग्रहण सोहळ्याला ओल्या छत्र्यांचा ढीग आणि त्यानंतर लगेच वृक्षारोपण. इथे नव्या माणसाला मोठा वाव आहे. खड्डा खणणारे पन्नास असतात, पण मार्चमध्ये पाणी घालणारा एकही नसतो. आपली जांभी जमीन पावसाळ्यात गुळगुळीत दिसते, फेब्रुवारीत विटेसारखी कडक होते. शंभर झाडांऐवजी दहा लावा. शोभेची नको; आवळा, भिरंड (कोकम), फणस, जांभूळ अशी लावा. झाड मोकाट गुरांपासून वाचवायला काटेरी कुंपण करा. आणि जवळच्या घरातल्या माणसाला आधी विचारा, की उन्हाळ्यात दोन कळशा घालाल का. ‘हो’ म्हणाला तरच तिथे खड्डा मारा.

पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बसायला मिळालं तर जरूर बसा. रोटरीने जगभर पोलिओ घालवायची मोहीम १९८५ साली हाती घेतली. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशियाचा भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. या आकड्यांमागचं काम किती बारीक असतं ते बूथवर दिसतं. लसीच्या कुपीवर एक गोल आणि त्यात फिकट चौकोन असतो. कुपी उष्णतेत राहिली की चौकोन काळवंडत जातो. तो बाहेरच्या गोलाइतका गडद झाला, की कुपी बाजूला ठेवायची, तिच्यातला थेंबही द्यायचा नाही. पहिल्या दिवशी नर्सबाईंनी मला चष्मा लावायला सांगून तो चौकोन दाखवला. नंतर दिवसभर डाव्या करंगळीवर शाई लावायचं काम माझ्याकडे. बसस्थानकावर उतरणारी बांधकाम मजुरांची मुलं, बाजारात आलेली मुलं, यजमानांकडे पाहुणी आलेली मुलं. करंगळी पुढे करताना मूल आधी आईकडे बघतं, मग तुमच्याकडे.

पहिला प्रकल्प: रक्तदान शिबिर

नव्याकडे बहुतेक हेच येतं, म्हणून सविस्तर सांगतो.

सर्वात आधी रक्तपेढीला फोन करा, हॉलला नंतर. रक्त गोळा करणं हे परवानाधारक रक्तपेढीचंच काम. आपण फक्त जागा, माणसं आणि चहा बघायचा. गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), मडगावचं आणि म्हापशाचं जिल्हा इस्पितळ इथल्या रक्तपेढ्यांशी बोला आणि त्यांना *नेमकी गरज कधी आहे* ते विचारा. मे महिन्याची सुट्टी आणि चतुर्थीचे दिवस, कॉलेजं बंद आणि लोक गावी, तेव्हा पिशव्या कमी पडतात. आपले क्लब मात्र शिबिर घेतात ते राष्ट्रीय सणाला किंवा अध्यक्षांच्या वाढदिवशी. लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. एकाच दिवशी चार क्लबांनी ‘महाशिबिरं’ घेतली की वर्तमानपत्रात फोटो चार आणि पुढच्या महिन्यात तुटवडा. त्यापेक्षा शेजारच्या क्लबाशी बोलून तारखा वाटून घ्या. हे सांगितल्यावर आमच्या बैठकीत दोघांनी तोंड वाकडं केलं होतं. तुमच्याकडेही करतील.

तारीख ठरवताना दोन पंचांग बघा: एक कॅलेंडर आणि एक गावचं. जत्रा, फेस्त, शिगमो, शुक्रवारचा म्हापशाचा बाजार, सगळं. मी पहिलं शिबिर ठरवलं त्या दिवशी संकष्टी निघाली. चाळीस नावं नोंदवलेली, सकाळी आलेल्यांपैकी निम्मे उपाशी. उपाशी माणसाचं रक्त घेत नाहीत. एक गृहस्थ म्हणाले, ‘चंद्रोदयानंतर येऊ काय?’ रक्तपेढीची गाडी दुपारी एकला परत जायची होती. तेव्हापासून मी एकादशी, संकष्टी आणि सोमवार आधी खोडून टाकतो. शिरगावच्या जत्रेच्या आधी धोंड मंडळी, म्हणजे लईराई देवीचे भक्त, व्रतात असतात, तेही लक्षात ठेवा.

दात्यांना आधीच सांगून ठेवायचं ते असं: वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर. मागच्या वेळेपासून पुरुषांना ९० दिवस, बायकांना १२० दिवस झालेले हवेत. गेल्या बारा महिन्यांत गोंदवून घेतलं असेल तर घेत नाहीत. किनारपट्टीच्या गावांत हा मुद्दा तरुणांना आधीच सांगा, नाहीतर रांगेत उभं राहून ते हिरमुसून परत जातात. आदल्या रात्री पार्टी झाली असेल तर घरीच झोपा. उच्च माध्यमिकच्या मुलांना शिबिराला बोलावून उपयोग नाही, बारावीतले बरेच जण अठराचे नसतात. त्यांना नोंदणीच्या टेबलावर बसवा. पुढच्या वर्षी ती स्वतःच येतात.

हॉल तळमजल्यावर असावा, पंखे आणि शौचालय चालू असावं, रक्तपेढीची गाडी दारापर्यंत यावी. दहा खाटा मावतात म्हणून पहिल्या मजल्यावरचा हॉल घेऊ नका. चक्कर आलेल्या माणसाला जिन्यावरून उतरवणं काय असतं ते मी केलंय. रक्त देऊन झाल्यावर पंधरा मिनिटं बसवायचं, आणि त्यासाठीच तर चहा. केळी, बिस्किटं, लिंबू सरबत चालतं. आमच्याकडे एक बाई दर शिबिराला शिरा करून आणतात. काही जण रक्त शिऱ्यासाठीच देतात, असा आमचा ठाम संशय आहे.

संध्याकाळी दात्यांची यादी नीट लिहून ठेवा: नाव, रक्तगट, तारीख. ही यादी समाजमाध्यमावर टाकायची नाही, ग्रुपवर फिरवायची नाही. तीन महिन्यांनी त्यातल्या पुरुषांना आणि चार महिन्यांनी बायकांना एक फोन करायचा.

पैसा

इथे थोडक्यात, कारण खजिनदार तुम्हाला कंटाळा येईपर्यंत सांगेलच. बहुतेक क्लब संस्था नोंदणी कायदा १८६० खाली नोंदवलेले असतात, आणि देणगीचा व्यवहार बऱ्याचदा क्लबाच्या न्यासातून होतो. देणगीदाराला देणगीवर आयकराची सवलत हवी असेल, तर रोख दोन हजारांच्या वर घेऊ नका, चेक किंवा बँकेतून घ्या. क्लबाच्या कामाचा पैसा स्वतःच्या खात्यात एक दिवससुद्धा ठेवायचा नाही, मग कितीही घाई असो. चेकवर दोन सह्या, खर्चाला पावती. हार्डवेअरवाल्याला हे सोपं जातं, डॉक्टर मंडळींना पावतीची सवय लावावी लागते.

वेर्णे किंवा कुंडईच्या कारखान्यांकडे सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर खर्चायच्या पैशासाठी जायचं असेल, तर आधी हे जाणून घ्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी यांपैकी एक मर्यादा गाठलेल्या कंपनीला सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्चावी लागते. म्हणजे औद्योगिक वसाहतीतलं प्रत्येक युनिट यात बसत नाही. ज्यांना लागू नाही त्यांच्या दारात उगीच ताटकळू नका. आणि ज्यांच्याकडे जाल त्यांच्याकडे संस्थेचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक घेऊनच जा. रोटरीचं ग्लोबल ग्रँट हे निदान ३०,००० डॉलरच्या प्रकल्पाचं काम, परदेशातला जोडीदार क्लब लागतो. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी फेरी

आता माझी स्वतःची फजिती. सत्तरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेला आम्ही पाणी शुद्ध करायचं यंत्र दिलं. चांगलं, महाग, आरओचं. फीत कापली, मुलांना पेढे वाटले, भिंतीवर क्लबाची पाटी लावली. माझ्याच दुकानातून ते गेलं होतं, त्यामुळे मी जरा जास्तच ताठ उभा होतो.

वर्षभराने सहज त्या बाजूने जाताना आत डोकावलो. यंत्राच्या वर खडूंचे डबे ठेवलेले, नळाला फडका वाळत घातलेला. जेवण वाढणारी मावशी भांडी घासत होती. मी विचारलं, बंद कधी पडलं? ती हसली. ‘चललेंच खंय, सायबा? पाणी वयर चडना.’

शाळेची टाकी यंत्रापेक्षा जेमतेम चार फूट उंच. एवढ्या उंचीवरून येणाऱ्या पाण्याला दाब तो किती! दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, हे मी दिवसातून दहा वेळा गिऱ्हाइकांना सांगतो. शिवाय पावसाळ्यात तिथे वीज जाऊन येऊन. आणि सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे पाणी झरीचं होतं, त्यात क्षार नावालाच. आरओची तिथे गरजच नव्हती. साधी गाळणी आणि टाकी वेळेवर धुतलेली एवढं पुरलं असतं. ‘टांकी धुवपाक मनीस ना,’ मावशी म्हणाली, ‘तो दिलो जाल्यार बरें आशिल्लें.’ (तो माणूस दिला असता तर बरं झालं असतं.)

आम्ही पाटी लावायच्या आधी तिला एक प्रश्न विचारला असता, तर हे टळलं असतं. आम्ही मुख्याध्यापकांशी बोललो होतो, पंचांशी बोललो होतो, डिस्ट्रिक्टला अहवाल पाठवला होता. पाणी रोज भरणाऱ्या बाईशी मात्र कुणी बोललं नव्हतं.

यंत्र आम्ही परत आणलं आणि दाब असलेल्या एका ठिकाणी बसवलं. शाळेला दोन टप्प्यांची गाळणी दिली, टाकीला झाकण केलं, आणि गावातल्याच एका मुलाला दर दोन महिन्यांनी टाकी धुवायचे पैसे ठरवून दिले. खर्च पहिल्या यंत्राच्या पाव भागाएवढाही नव्हता. त्याचा फोटो मात्र बुलेटिनमध्ये आला नाही, टाकी धुतानाचा फोटो काय छापणार.

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत आहे. कुठलाही प्रकल्प सुचवणाऱ्या नव्या सभासदाने आधी एकट्याने तिथे जाऊन यायचं, टी-शर्ट-बॅनर न घेता. तिथलं काम रोज कोण करतं त्या माणसाला गाठायचं. शाळा असेल तर जेवणवाली मावशी, आरोग्य केंद्र असेल तर सफाई कामगार, बसस्थानक असेल तर शेजारचा भाजी-पाव गाडेवाला. मग प्रस्ताव. आणि काम झाल्यावर सहा महिन्यांनी त्यानेच दुसरी फेरी मारायची, आणि जे दिसेल ते बैठकीत सांगायचं, वाईट असलं तरी.

जूनअखेर पदाधिकारी बदलतात तेव्हा कामं इथेच हरवतात. नवे अध्यक्ष आपली नवी योजना घेऊन येतात, जुन्याची फाइल कपाटात जाते. म्हणून तुमच्या प्रकल्पाची एक वही करा, साधी, दोनशे पानी. पहिल्या पानावर सुंदर मनोगत नको. गाळणीचा कॅन्डल कधी बदलायचा, टाकी धुणाऱ्या मुलाचा आणि जवळच्या प्लंबरचा नंबर, किल्ली कुणाकडे असते, एवढं लिहा. आणि ती वही नव्या सेक्रेटरीच्या हातात स्वतः द्या, टेबलावर ठेवून येऊ नका.